सुनेची बोटं

माझ्यासमोर बसली की माझ्या सुनेची बोटं सगळ्यांत जास्त पळतात, असं तिच्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं, त्याच दिवशी मी उदगीरला फोन लावला. विहीणबाईंना. महानंदाबाई चिद्रे, माझ्या सुनेची आई. बालवाडीवर बाई होती, आता घरीच असते. अंगानं काडी, आवाज असा की शेजारी बसलेल्याला परत विचारावं लागतं.

"काय विहीणबाई, तब्येत काय म्हणते?" मी विचारलं. तिच्या तब्येतीशी मला काही देणंघेणं नव्हतं.

"बरी आहे की. लीला कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय! कंपनीनं कळवलंय, तुमच्याकडं येऊन कामाला बसली की बोटं रखडतात म्हणे तिची. इथं माझ्यापुढं घोड्यासारखी पळतात. आता माहेरची हवाच मानवत नसेल तर आपण तरी काय करणार?"

 मग म्हणते कशी, "असं होय. बरं झालं बाई."

या बाईची हीच खोड मला खपत नाही. भांडायला आलेल्या माणसाला ही बसायला पाट देते. फोन ठेवला तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत माझी खानावळ आहे. नवरा गेला तेव्हा एक तवा आणि कडेवर संगमेश होता. आता भाकरीला बसणाऱ्या बायकाच माझ्याकडं एवढ्या आहेत की नवीन आलेलीचं नाव मला विचारावं लागतं. जेवायला येणाऱ्या पोरांची हजेरी दारातला कॅमेरा घेतो, डबे बॅटरीच्या गाड्या घेऊन जातात, पण भाकरी अजून हातानंच थापली जाते आणि ती माझ्या नजरेखालून जाते. माझ्याकडं रिकामा हात चालत नाही. बोलायचं तर बोला, रडायचं तर रडा, पण हात चालू ठेवून. थांबलेला हात दिसला की मी एकच विचारते, "बसलीस होय?" एवढ्यानं पुरतं.

संगमेशची बायको शिवलीला इंजिनियर आहे. कमी दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या पेटीनं ऊब किती द्यायची आणि कधी थांबवायची, हे पेटीला शिकवणारा प्रोग्रॅम ती घरी बसून लिहिते. तिची खोली माझ्या चुलीच्या मागच्या अंगाला आहे. मध्ये जाळीची खिडकी. मी भाकऱ्या मोजता मोजता मान वळवली की ती दिसते.

कंपनीनं तिच्या टाइप करायच्या पाटीखाली एक पातळ पट्टी बसवून दिली होती. तिचं नाव नाडी. मी संगमेशला विचारलं, हे काय मोजतं? तर म्हणाला, "दोन अक्षरांच्या मधला वेळ."

"त्यात मोजण्यासारखं काय आहे?"

"आई, पत्र लिहिताना माणूस साधारण एका चालीनं लिहीत जातो. प्रोग्रॅमचं तसं नाही. त्यातले काही शब्द रोजचे असतात, ते बोटांनाच पाठ असतात. डोक्याला विचारावं लागत नाही. कंस उघडला की मिटायचा, हे हातच करतो. पण बाळाचं अंग गार पडत चाललंय आणि पेटी मात्र आधीच तापलीय, अशा वेळी काय करायचं, हे लिहायची जागा आली की बोटं थांबतात. वरचं वाचायचं, पुसायचं, परत लिहायचं. एका ओळीत हरीण, पुढच्या ओळीत गोगलगाय. प्रत्येकाची ही चढउतार वेगळी असते. नाडी ती शिकून घेते. मग माणूस कधी रंगात आहे, कधी अडलाय, कधी घाबरलाय, तिला कळतं."

"आणि मी समोर आहे हे तिला कसं कळतं? डोळे आहेत का तिला?"

डोळे नव्हते. घरातल्या वायफायच्या लहरी माणसाच्या अंगावर आपटून परत फिरतात म्हणे, आणि जो तो ज्या ढबीनं चालतो त्यावरून कोण आलं ते ओळखू येतं. त्यासाठी घरातल्या सगळ्यांची संमती घेतली होती. मीही अंगठा दिला आणि खानावळभर दोन फेऱ्या मारून माझी चाल त्यांना दिली. भ्यायचं काय त्यात? प्रत्येक माणसाला एक रंग मिळाला. मला लाल. लीला दर महिन्याला चार दिवस आईकडं जाऊन तिथून काम करते, म्हणून उदगीरच्या घरातही हीच व्यवस्था. महानंदाबाईंना निळा.

हे सगळं कशापायी, तर कंपनी नवीन पेटी काढणार होती आणि तिचा महत्त्वाचा भाग लीलाकडं यायचा होता. दोन वर्षांचं काम. एक पेटी घरीच आणून ठेवायची, वेगळी लाइन टाकायची. मग ते लातूरला ठेवायचं की उदगीरला? जिथं बोटं चांगली चालतात तिथं. आणि उदगीर ठरलं तर संगमेशही तिकडंच राहणार होता. डब्यांच्या ऑर्डरी तर फोनवरूनच बघतो, म्हणाला.

माझा एकुलता एक मुलगा, घरजावई. महानंदाबाईंच्या ओट्यावर बसून सकाळचा चहा पिणार.

म्हणून तो फोन मी एवढ्या हौसेनं केला होता. लाल रंग पुढं होता ना.

*

पुढच्या महिन्यात नाडीची नवीन आवृत्ती आली. नवीन निकाल संगमेश वाचेना. जेवणं आटोपली, ताटं घासायला गेली, तरी हा फोन हातात धरून उभाच.

"वाच की. का अक्षरं विसरलास?"

"आई, लाल रंगात बोटं सगळ्यांत जास्त पळतात, हे अजून खरंच आहे."

"मग?"

"पण आता नाडी हेही बघते की लिहिलेलं शेवटी राहतं किती. लाल रंगात लिहिलेलं लीला जवळजवळ सगळं पुसून टाकते."

मग त्यानं मला थांबण्याचे प्रकार सांगितले. शब्दाच्या मध्येच बोट थांबलं तर कुणीतरी तोडलं, दचकवलं असं समजायचं. एक विचार पुरा होऊन मग थांबलं तर माणूस पुढचा विचार करतोय. हे दुसऱ्या जातीचं थांबणं सोन्याचं. त्यानंतर जे लिहिलं जातं ते सहसा पुसावं लागत नाही. निळ्या रंगात असं थांबणं भरपूर होतं. लांब लांब.

"आणि लालमध्ये?"

"एकही नाही."

लीला ताटं पुसत होती. मी म्हटलं, "काय गं, माझ्यापुढं लिहितेस ते पुसतेस कशाला?"

"चुकतं, आत्याबाई."

"आईपुढं चुकत नाही?"

तिनं पुसलेलं ताट परत पुसायला घेतलं.

*

ती पुढच्या वेळी माहेरी गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी मीही निघाले. न कळवता. हातात लोणच्याची बरणी घेतली, कारण म्हणून. उदगीरच्या बसमध्ये वाटभर एकच विचार, या बाईच्या घरात असं आहे तरी काय? वरणात डाळ शोधावी लागते. बोलणं ऐकू येत नाही. आणि माझी सून तिथं जाऊन सोनं लिहिते!

दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात थांबले.

लीला टेबलाशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीवर काही नव्हतं. महानंदाबाई खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातात ना सुई, ना सूप. दोघी नुसत्या बसलेल्या. भरदुपारी, धडधाकट दोन बायका!

माझ्या हाताला अक्षरशः मुंग्या आल्या. पण तोंडावर आलेलं गिळलं आणि बघत राहिले. बऱ्याच वेळानं लीलाचे हात वर आले, थोडं लिहिलं, सावकाश, परत खाली मांडीवर गेले. आईनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. चहा हवा का, झालं का, काही नाही.

मी खाकरले.

त्यासरशी लीलाची बोटं पाटीवर गेली आणि पळायला लागली. "आत्याबाई! कधी आलात?" असं माझ्याकडं बघून विचारते, आणि खाली बोटं पळतच आहेत. डोळे माझ्यावर, हसू माझ्यासाठी, आणि बोटं टकटक टकटक.

मी बरणी तिथंच ठेवली आणि पडद्याजवळ गेले. मला इंग्रजी येत नाही. पण एकच ओळ शिडीसारखी खाली खाली उतरत गेली होती. तीच ओळ, परत तीच. ते ओळखायला इंग्रजी कशाला लागतं?

"हे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही तर लिहितेस कशाला?"

"लीला, राहू दे," महानंदाबाई म्हणाल्या.

"नाही आई, एकदा बोलू दे." ती माझ्याकडं वळली. "हात थांबलेला दिसला की तुम्ही खिडकीतून विचारता, बसलीस होय? सगळ्या बायकांसमोर. त्या हसतात. मग तुमची चाहूल लागली की मी नुसतं वाजवत राहते. तुम्ही तव्याकडं वळलात की पुसते आणि खरं काम धरते. तोवर डोक्यातलं निसटलेलं असतं."

"मी जन्मभर हात चालवणारी माणसं बघितली बाई. भिंतीकडं बघायचा पगार मिळतो, हे मला कुणी सांगितलं होतं?"

"भिंतीकडं बघते तेव्हा त्या पेटीत एक बाळ असतं माझ्यासमोर." तिनं दोन्ही हात एवढे-एवढे करून दाखवले. "एवढंसं. पेटीची ऊब कुठल्या क्षणी बंद करायची ते ठरवत असते. उशीर झाला तर भाजेल, घाई झाली तर गारठेल. ते माझी बोटं ठरवत नाहीत, आत्याबाई."

 

खरं सांगायचं तर राग लीलाचा आलाच नाही. राग आला त्या सतरंजीवर बसलेल्या बाईचा. माझी सून माझ्यासाठी पहाटे उठते, माझे पाय दाबते, माझं मन राखायला खोटी ओळसुद्धा शंभरदा लिहिते. पण हात रिकामे सोडून बसते ती हिच्यापुढं. तेवढी एकच गोष्ट मला मिळाली नव्हती, आणि ती या बाईनं काही न करता मिळवली होती.

"जेवून जा विहीणबाई," महानंदाबाई म्हणाल्या.

"भूक नाही," मी म्हटलं आणि आलेल्या पावली बस धरली.

*

काम कुठं ठेवायचं त्याच्या निकालाला महिना राहिला होता. मी जाळीच्या खिडकीला आतून पुठ्ठा ठोकला. उपयोग शून्य. लीलाला माझी चाहूल पुठ्ठ्यातूनही लागते, आणि नाडीलाही. मग एका दुपारी तिच्या खोलीत जाऊन बसले. तोंडाला कुलूप. तिची बोटं आपली टकटक सुरू.

"राहू दे. हात मोकळे सोड," मी म्हटलं.

तिनं लगेच हात मांडीवर ठेवले. पाठ ताठ, नजर समोर. शाळेत मास्तर आल्यावर पोरं बसतात तशी. ते काही थांबणं नव्हतं, ती शिक्षा होती. थोड्या वेळानं मीच उठले.

संगमेशनं कपाटावरची बॅग काढली. "आई, मी रोज येत जाईन. दर तासाला बस आहे."

"पाहुण्यासारखा?"

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? आरती ओवाळू?"

भाकरीच्या पाटावर तर चर्चेला ऊत आला होता. कमळाबाई थापता थापता म्हणाली, "अक्का, पोरगं नांदायला निघालं म्हणे सासरी?" सगळ्या खिदळल्या.

"तुझ्या तोंडात हा उंडा कोंबीन," मी म्हटलं. त्या परत हसल्या, पण मी हसले नाही.

त्या दिवशी पीठ चाळताना मी नीट विचार केला. उदगीरला असं आहे काय? भिंत आहे, ती इथंही आहे. टेबल इथलं जास्त चांगलं. तिथं असलेली आणि इथं नसलेली वस्तू एकच, ती बाई. पोरगं जायचं नसेल तर तिला इकडं आणायला हवं. माझ्या घरात. माझ्या डोळ्यांसमोर तिनं माझ्या सुनेशेजारी नुसतं बसायचं आणि मी ते बघायचं. पीठ चाळून झालं तरी मी चाळतच होते.

शेवटी फोन लावला. "विहीणबाई, तुम्ही इकडं येऊन राहा."

"मी? लेकीच्या घरी?" पहिल्यांदाच तिचा आवाज मला नीट ऐकू आला. "लीलाला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही आमच्यात. तुम्हाला ठाऊक आहे की."

ठाऊक होतं. लग्नानंतर एकदा आली तेव्हा पाण्याची बाटली घरून घेऊन आली होती, तासभर बसली आणि तशीच गेली. तेव्हा मी गल्लीत सांगत फिरले होते, बघा कशी चालरीत पाळणारी विहीण आहे. आता त्याच चालरीतीनं माझा मुलगा चालला होता.

"घर कुणाचं म्हणता?" मी म्हटलं. "ही खानावळ आहे. बाहेर पाटी लावलीय. जो महिन्याचे पैसे भरतो तो जेवतो. वरच्या खोल्याही भाड्याच्या आहेत. तुम्हीही भरा. तुम्हाला फुकट खाऊ घालायची मला तरी कुठं हौस आहे!"

 पलीकडून हसल्याचा आवाज आला. ही बाई हसते, हे मला माहीत नव्हतं.

"आगाऊ घेता का?"

"सगळ्यांकडून घेते."

"मग मला सवलत देऊ नका," ती म्हणाली. "नाहीतर ते खाल्ल्यासारखंच होईल."

*

महानंदाबाई आल्या. कपड्यांची एक ट्रंक, एक सतरंजी. दारातल्या कॅमेऱ्यानं त्यांचा चेहरा नोंदवला आणि त्या डॉक्टरकीची तयारी करणाऱ्या पोरांच्या पंगतीत ताट घेऊन बसल्या. मीच वाढायला गेले.

"वरण जरा घट्ट आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"वरणच आहे ते," मी म्हटलं. "उदगीरला काय करतात ते मला माहीत नाही."

शेजारचं पोरगं ठसकलं. दोघींनी मिळून त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

दुपारी त्या लीलाच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. मी पुठ्ठा थोडा बाजूला सारून बघितलं. लीलाचे हात मांडीवर. नजर भिंतीवर. माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर.

महिनाअखेरीला निकाल आला. काम लातूरला राहिलं. काचेची पेटी आली, लाइन आली. संगमेशनं बॅग परत कपाटावर टाकली आणि मोठ्यानं म्हणाला, "निळ्या रंगानं वाचवलं बघ आपल्याला!"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पोरगं राहिलं, आणि त्याचं श्रेय तिला! माझ्या छपराखाली, माझं घट्ट वरण खाऊन!

सकाळी मी संगमेशला विचारलं, "त्या खोलीत लाल आणि निळा दोघंही असले, तर नाडी काय दाखवते?"

"मग तिला वेगळं काढता येत नाही. कुणामुळं काय झालं ते कळत नाही तिला. जांभळा दाखवते. का?"

"काही नाही. सहज."

त्या दिवसापासून दुपारी भाकऱ्यांचा डोंगर उतरला की मी पदराला हात पुसते आणि आत जाते. महानंदाबाई सतरंजीवर सरकून जागा करतात. मी बसते. हात मांडीवर. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, हाताला काहीतरी हवंच असायचं. पदराचा काठच चुरगाळत बसायचे. महानंदाबाईंनी एकदा माझ्या हातावर हात ठेवला आणि काढून घेतला.  आता जमतं. लीलाची बोटं पळतात, थांबतात, बराच वेळ थांबतात. मी काही विचारत नाही. जांभळा रंग उत्तम चाललाय, असं संगमेश सांगतो.

"आई, एकदा तू एकटीच बसून बघ ना," तो परवा म्हणाला. "लाल काय दाखवतो, कळेल तरी."

"मला भाकऱ्या आहेत," मी म्हटलं.

तो हसला. हसू दे. काही गोष्टी न कळलेल्याच बऱ्या. लीलाचा हात थांबतो तेव्हा तो कुणाच्या जिवावर थांबतो हे नाडीला माहीत नाही, महानंदाबाईंना माहीत नाही, आणि मला माहीत करून घ्यायचं नाही. अर्धा वाटा माझा आहे असं मी धरून चालते. सगळाच माझा असेल, असंही एखाद्या दुपारी वाटतं.

आजही तसंच झालं. लीला भिंतीकडं बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर पेटीतलं बाळ असणार. आम्ही दोघी तिच्या हिशेबी तिथं नव्हतोच. तेवढ्यात महानंदाबाई भिंतीचा आधार घेत हळूच उठल्या.

"पाय आखडले. अंगणात जरा फेरी मारून येते," त्या कुजबुजल्या. "तुम्ही बसा."

मी लीलाकडं बघितलं. तिचे हात मांडीवर मोकळे पडले होते.

"थांबा," मी म्हटलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "मीही येते."